बुढीची खोळ

नेर, ता. दारव्हा, जि. यवतमाळ
२ नोव्हेंबर १९५८

चि. जफर यास उकंडाचा सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या आईनं, सईदाभाभींनी, मला वाचायला आणून दिलं. राउरकेल्याच्या पोलाद कारखान्यानं तुला शिकायला थेट जर्मनीत पाठवलं, हे पाहायला तुझे वडील असायला हवे होते. त्यांनी, मोहिउद्दीन मिस्त्रींनी, मला बॉयलरपाशी उभं केलं तेव्हा मी चौथी पास, हातात फक्त फावडं. आज मी पन्नाशीला टेकलो आणि अजून त्याच जागी उभा आहे. तू मात्र समुद्र ओलांडून गेलास.

आपल्या जिनिंग कारखान्याचा हंगाम सुरू झाला. कापसाच्या गाड्या फाटकापासून बाजारापर्यंत उभ्या आहेत. आपली बुढी पहाटेपासून चालू असते. तुला आठवत असेल, जिनातल्या बायांनी बॉयलरला हे नाव दिलं तेव्हा तुझे वडील खूप हसले होते. नंतर तेही बुढीच म्हणू लागले.

तुला पत्र लिहिण्याचं कारण असं. मिस्त्री मला सांगायचे, "उकंडा, ही रेल्वेच्या मालगाडीचं इंजन होती, जर्मनीची. चाकं काढून इथं आणली." मी मान डोलवायचो, पण खरं सांगतो, मनात ते चित्र कधी उभं राहिलं नाही. मी तिला विटांच्या ओट्यावर बसलेलीच पाहिली. गेल्या आठवड्यात पुढच्या बाजूची काजळी पुसताना एक पितळी पट्टी लागली. अक्षरं परकी आहेत, पण आकडे वाचता येतात. १८८४. मी वहीचा कागद त्यावर धरला आणि कोळसा घासला. तो कागद सोबत पाठवतो आहे. तिथं कोणी जाणकार असेल तर त्याला दाखव.

रोज पहाटे मी वंदना म्हणतो आणि मग भट्टी पेटवतो. पाणी आणि आग, मध्ये एक पत्रा, आणि तेवढ्यावर सरकी काढणारे सोळा रेचे फिरतात. बावीस वर्षं झाली, तरी पहिली वाफ आली की माझ्या अंगावर काटा येतो. ही कोणाच्या हातची आहे, एवढं तरी मरण्याआधी कळावं.

तुझा
उकंडाकाका

*

एसेनजवळ, जर्मनी
२३ नोव्हेंबर १९५८

ती. उकंडाकाकांस जफरचा सलाम.

काका, तुमचा कोळशाचा कागद मी आमच्या यार्डात नेला. इथं कारखान्याच्या आत माल ओढायला जुनी इंजिनं आहेत. त्यांच्यावर लिंडेमान नावाचे एक ड्रायव्हर आहेत, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. मिशा पांढऱ्या, बोलणं कमी. त्यांनी कागद उजेडात धरला, चष्मा लावला, आणि माझा हात धरून मला यार्डाच्या टोकाला नेलं.

तिथं बुढी उभी होती.

काका, मी शपथेवर लिहितो. तेच पोट, तोच घुमट, भट्टीचं तेच चौकोनी दार. फक्त ही चालत होती. तीन जोड चाकं, माझ्या छातीपर्यंत उंच, आणि तिन्ही एका जाड लोखंडी दांड्यानं जोडलेली, म्हणजे एक फिरलं की सगळी फिरतात. पुढं लहान चाक नाही. लिंडेमान म्हणाले, "ही पळायला केलेली नाही, ओढायला केलेली आहे. सगळं वजन चाकांवर, आणि सगळी चाकं कामाला." गेल्या शतकात या नमुन्याची पुष्कळ इंजिनं बनली. गावोगावचा कोळसा, लोखंड, बटाटे यांनीच वाहिले. काही परदेशी गेली, तिथल्या रुळांच्या मापाची चाकं लावून. आपली त्यांतली असावी. इथल्या यार्डात या नमुन्याचं हे एकच उरलं आहे.

त्यांनी मला वर चढवलं आणि एक गोष्ट दाखवली. ती तुम्हाला नीट लिहितो. भट्टीला दोन भिंती असतात, हे तुम्हाला माहीत आहेच. आतली आणि बाहेरची, मध्ये चार बोटं पाणी. त्या भिंती एकमेकींना शेकडो बोल्टांनी बांधलेल्या असतात. प्रत्येक बोल्टाच्या पोटात बाहेरून बारीक भोक पाडलेलं असतं, काडी जाईल एवढं. बोल्ट आत तुटला की त्या भोकातून पाणी येतं, वाफ येते. लिंडेमान म्हणतात, एक बोल्ट तुटला तर इंजिन सांभाळून घेतं. शेजारशेजारचे पाच-दहा तुटले, तर भिंत फुगते आणि एक दिवस फाटते. दर शनिवारी ते एका तारेच्या सुईनं सगळी भोकं मोकळी करतात. तीस वर्षं तीच सुई आहे.

त्यांनी विचारलं, तुमच्या इंजिनाची भोकं मोकळी आहेत का? मला आठवेना. कळवा.

आपला
जफर

*

नेर
७ डिसेंबर १९५८

चि. जफर यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुटीत सगळ्यांना वाचून दाखवलं. चाकांचा मजकूर दोनदा वाचावा लागला. मथुराबाई, आपली बायांची मुकादमीण, तोंडावर हात ठेवून ऐकत होती. म्हणाली, "अवं माय! बुढीले पाय होते?" मी म्हटलं, सहा होते. तर म्हणते, "मंग एवढे वर्सं एका जागी बसून राह्यली, काही बोलली नाही बिचारी." सगळ्या हसल्या. पण नंतर मी पाहिलं, ती एकटी ओट्यापाशी वाकून, जिथं चाकं असावीत तिथं, विटांवर हात फिरवत होती.

मलाही त्या दिवसापासून वेगळंच वाटतं. बावीस वर्षं मी जिला घास भरवतो आहे, तिनं माझ्या जन्माआधी कुठले कुठले डोंगर पाहिले असतील. वाफ चढताना ती थोडी थरथरते. पूर्वी मी म्हणायचो, पाया सैल असेल. आता वाटतं, चालायची आठवण येत असेल. हे वेड्यासारखं लिहितो आहे, हसू नकोस.

भोकांचं विचारलंस. भट्टीच्या उजव्या अंगाला, ज्या भिंतीपलीकडं बाया कापूस वेचायला बसतात तिकडं, शेंदूर आहे. दसऱ्याला लावतात. जुनी चाल आहे. दर वर्षी थर चढून आता बोटभर जाड झाला आहे, त्याखाली काय आहे ते दिसत नाही. डाव्या अंगाची भोकं उघडी आहेत आणि कोरडी आहेत. बॉयलरच्या सरकारी तपासनीस साहेबांनीही दोनदा सांगितलं होतं की तो भाग घासून ठेवा. आम्ही हो म्हटलं आणि राहून गेलं.

माझी अडचण तुला समजेल. दीक्षा घेतल्यापासून मी शेंदराला हात लावत नाही, आणि ज्यांना लावायचा त्यांना अडवतही नाही. यामुळंच सगळं नीट चाललं आहे. आता मीच जाऊन तो खरवडला, तर लोक काय म्हणतील? उकंडा बुद्धाचा झाला आणि आमच्या देवावर खुरपं चालवलं. गावात दोन वर्षांत मोठ्या कष्टानं बोलणं-चालणं पुन्हा जुळलं आहे. हंगाम संपला की चैत्रात पाहतो.

त्या लिंडेमानबाबांना माझा नमस्कार सांग.

उकंडाकाका

*

१८ डिसेंबर १९५८

काका,

तुमचं पत्र आत्ता आलं आणि आत्ताच उत्तर लिहितो आहे.

मी लिंडेमानना सांगितलं की आमच्याकडं भोकांवर लाल शेंदूर लावतात. ते आधी हसले. मग म्हणाले, कशाचा असतो तो? मी सांगितलं, शिशाचा, तेलात कालवलेला. त्यांचं हसू गेलं. काका, तुम्ही अब्बांसोबत वीस वर्षं काम केलं. अब्बा पाइपाच्या सांध्यातून वाफ गळू नये म्हणून काय भरायचे? शेंदूर आणि जवसाचं तेल. वाफ रोखायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तुम्ही इंजिनाचं तोंड शिवून ठेवलं आहे.

चैत्रात नाही. आज. आग काढा, बॉयलर थंड करा, शेंदूर खरवडा, एकेक भोक मोकळं करा. मग सगळ्यांना बाहेर काढून हळूहळू वाफ चढवा आणि लांबून पाहा. दाब वीस पौंडांच्या वर न्यायची घाई नको.

तुम्ही लोकांना घाबरता हे मला पटत नाही. मॅनेजर बाबुलालजी रागावतील म्हणून टाळताय का? त्या भिंतीला पाठ लावून कोण बसतं, ते मला आठवतं. मी लहानपणी अब्बांचा डबा घेऊन यायचो तेव्हा कापूस वेचणाऱ्या इंदूबाई तिथंच बसायच्या, "ऊब लागते" म्हणायच्या. अजून तिथंच बसतात ना?

वेडंवाकडं लिहिलं असेल तर माफ करा.

जफर

*

नेर
४ जानेवारी १९५९

चि. जफर यास अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे जिवंत आहोत, हे आधी लिहितो. आता बाकीचं सावकाश लिहितो, कारण तुझ्याशी मी खोटं बोललो आहे.

शेंदराची चाल जुनी नाही. ती माझी आहे.

सेहेचाळीस सालचा हंगाम होता. तुझे वडील दारव्ह्याच्या जिनात दुरुस्तीला गेलेले. एका सकाळी मला उजव्या अंगाच्या एका भोकातून पाणी झिरपताना दिसलं. मी घाबरलो. माझ्या हातून काही बिघडलं, मिस्त्री आले की मला काढतील, असं वाटलं. मिस्त्रींच्या डब्यात शेंदूर-जवस कालवलेलं होतं. ते बोटानं भोकात दाबलं आणि वरून थोडं पसरलं, की काम दिसू नये. झिरपणं थांबलं. तेवढ्यात मथुराबाई आली. तिचा मुलगा आठ दिवस तापानं फणफणत होता. तिनं ओला शेंदूर पाहिला आणि हात जोडले. मी गप्प राहिलो. संध्याकाळी मुलाचा ताप उतरला. दुसऱ्या दिवशी तिनं नारळ आणला. दसऱ्याला सगळ्या बायांनी शेंदूर आणला, आणि तो त्या एका भोकावरून पसरत पूर्ण अंगावर गेला. मिस्त्री परत आल्यावर त्यांनी पाहिलं, पण बायांची श्रद्धा आहे म्हणून बोलले नाहीत. त्याखाली काय होतं ते त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. दीक्षेच्या वेळी मी पुष्कळ काही सोडलं, पण हे एक तोंडातून निघालं नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी इंदूबाईला भिंतीला पाठ लावून बसलेली पाहिली. ती कापसातला कचरा वेचत होती आणि शेजारणीला काहीतरी सांगून हसत होती. मी सरळ आत आलो आणि आग ओढून काढली. पट्टा थांबला, रेचे थांबले. एवढी शांतता मी त्या जिनात हंगामात कधी ऐकली नव्हती.

बाबुलालजी धावत आले. "पागल हो गया क्या? बाहेर शंभर गाड्या उभ्या आहेत!" मी बोल्टांचं सांगू लागलो. ते म्हणाले, "जर्मनीवाला चिठ्ठी लिखेगा और हम कारखाना बंद करेंगे? पेटव आग." मी फावडं खाली ठेवलं आणि मथुराबाईकडं गेलो. सगळ्यांसमोर सांगितलं. भोक, पाणी, माझं बोट, सगळं.

तिनं मांडीवरचा कापूस बाजूला सारला. मग म्हणाली, "म्हंजे माह्या पोराचा ताप तुह्या बोटानं उतरला काय रे?"

मी म्हटलं, "मले नाही माहीत, मथुराबाई. पण शेंदूर मी लावलता, हे खरं आहे."

"आन बारा वर्सं मले नारळ फोडू देल्ले?"

मी होय म्हटलं.

"बारा नारळ, उकंडा. खोबरं तर तूई खाल्लं."

कोणीतरी खुसकन हसलं. पण ती हसत नव्हती. तिचे डोळे भरले होते. ती उठली, बुढीपाशी गेली, शेंदरावर तळहात ठेवला. मग वळून मला म्हणाली, "देवाच्या आंगावर थर लई झाला का देव आपली खोळ टाकते. आमच्या गावच्या मारोतीनं टाकलती, मी लहान असतानी. वाजतगाजत नदीत सोडली. बुढीची बी वेळ आली म्हण की." आणि बाबुलालजींना म्हणाली, "साहेब, खोळ उतरवाची आहे. दोन दिवस इंजन बंद."

जे मी बोल्टांची नावं घेऊन सांगू शकलो नाही ते तिनं एका वाक्यात केलं. बाबुलालजींनी पायातली चप्पल काढली आणि म्हणाले, "पहले बताना था ना."

दुसऱ्या दिवशी बॉयलर थंड झाल्यावर मथुराबाईनं पहिला घाव स्वतः घातला. खुरप्यानं, अगदी हळू, जशी एखाद्या म्हातारीच्या पायाची खपली काढावी. थर विटकरांसारखा तुकड्या-तुकड्यांनी सुटला. बायांनी तो परातीत झेलला. खाली काळं लोखंड आणि त्यावर बुजलेल्या भोकांच्या रांगा. तार नव्हती. इंदूबाई म्हणाली, "दाभण चालते काय?" बोऱ्या शिवायच्या दाभणांनी बायांनी सगळी भोकं मोकळी केली.

तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं. एकटाच आत राहिलो. मथुराबाई ऐकेना, ती दारात उभी राहिली. मी थोडीच आग केली. दहा पौंडांवर काही नाही. पंधरावर काही नाही. मला वाटू लागलं, आपण उगीच एवढा गोंधळ घातला. वीस पौंडांवर एका भोकातून पाण्याचा थेंब आला. तेच भोक, जफर. जागा मी डोळे मिटून ओळखतो. मग त्याच्या शेजारचं. मग वरचं. मग एकदम, कोणी आतून फुंकर घातल्यासारखं, वाफेचे धागे सुटले. पांढरे, सरळ, सुतासारखे बारीक. मी मोजले. सतरा. त्यातले अकरा एकमेकांना लागून होते, बरोबर त्या जागी, जिथं पलीकडून इंदूबाई पाठ टेकते. आम्ही रोज ऐंशी पौंडांवर चालवत होतो.

मी आग ओढली आणि तिथंच खाली बसलो. भीती होतीच, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी होतं. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडच्या कोणा माणसानं एका बोल्टात काडीएवढं भोक पाडलं. कोणासाठी? इथं नेरमध्ये इंदूबाई बसणार आहे, हे त्याला कुठं माहीत होतं? तरी त्यानं ते तिच्यासाठी पाडलं होतं. आणि बुढीनं बारा वर्षांपूर्वीच मला सांगितलं होतं. मीच तिच्या तोंडावर बोट ठेवलं.

मथुराबाई दारातून आली. सतरा भोकांकडं बघत म्हणाली, "बोलली रे बुढी."

बुढी बंद आहे. बडनेऱ्याहून मिस्त्री येणार आहेत. लोक बसून आहेत, काही माझ्यावर चिडलेही आहेत, ते साहजिक आहे. खोळ मिलमिली नदीच्या पात्रात सोडली. मीही गेलो होतो, मागे मागे.

तुझ्या वडिलांना सांगायचं राहिलं. तुला सांगितलं.

उकंडा

*

२ मार्च १९५९

ती. उकंडाकाकांस सलाम.

तुमचं पत्र मी पाच वेळा वाचलं. तुम्ही घाबरता असं मी लिहिलं होतं. ते शब्द परत घेतो.

अब्बांना माहीत नव्हतं असं तुम्हाला वाटतं. मला खात्री नाही. लहानपणी एकदा ते घरी बोलताना मी ऐकलं होतं, "उकंडानं डब्यातला शेंदूर कुठं वापरला ते विचारलं पाहिजे." विचारलं नसावं. तुमच्या एकट्याची चूक धरू नका.

लिंडेमानना मी तुमचं पत्र मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. सतरा म्हटल्यावर त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं, बरोबर समजलं ना याची खात्री करायला. अकरा शेजारशेजारचे, म्हटल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि यार्डाकडं बघत उभे राहिले. खोळ आणि नदीचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "त्या बाई फार शहाण्या आहेत."

इथली बुढी गेल्या आठवड्यात तोडली. शेवटच्या शनिवारीही त्यांनी तिची भोकं साफ केली. मी म्हटलं, आता कशाला? ते म्हणाले, "शनिवार आहे म्हणून." तोडण्याआधीचा फोटो सोबत आहे. चाकं मोजा. आणि एका कागदात गुंडाळून त्यांची सुई पाठवली आहे. त्यांना आता तिचा उपयोग नाही.

जफर

*

नेर
१५ ऑक्टोबर १९५९

चि. जफर यास सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

तू राउरकेल्याला सुखरूप पोचलास, हे सईदाभाभींकडून कळलं. आता पत्र दोन-चार दिवसांतच पोचेल, याची सवय व्हायची आहे.

बडनेऱ्याच्या मिस्त्रींनी नवे बोल्ट घातले. तपासनीस साहेबांनी पास केली, पण साठ पौंडांच्या वर जायचं नाही. म्हातारपण आहे, मलाही कळतं. बाबुलालजी म्हणतात, दोन-तीन वर्षांत वीज येईल, मग मोटर बसेल. येऊ दे. तोवर आम्ही दोघं आहोत. फोटो बॉयलरघरात काच लावून टांगला आहे. बाया येता-जाता चाकांना हात लावतात, काच सारखी पुसावी लागते.

दसऱ्याचं सांगतो. मथुराबाईनं यंदा शेंदूर आणला, पण तो फक्त धुराड्याच्या बुडाशी, टिकलीएवढा लावला. मग बाया रांगेनं आल्या. प्रत्येकीच्या हातात आपापली दाभण. एकेकीनं एकेक भोक मोकळं केलं. यंदापासून हीच पूजा, असं तिनं ठरवलं आहे. मी बाजूला उभा होतो, नेहमीसारखा. सगळ्यांचं झाल्यावर तिनं मला हाक मारली.

"ये. एक राह्यलं."

तेच भोक होतं. मी म्हटलं, "मथुराबाई, मी पूजा करत नाही, तुले माहीत आहे."

"तुले पूजा कोन करू म्हनते? भोक मोकळं कर. बुजवलं कोन होतं?"

इंदूबाई मागून म्हणाली, "करा ना. ऊब पायजे मले पाठीले, पानी नाही."

मी खिशातून लिंडेमानबाबांची सुई काढली. तिच्या मुठीला कापड गुंडाळलं आहे, घामानं काळं झालेलं. तीस वर्षांच्या बोटांची जागा त्यात तयार आहे आणि माझी बोटं तिथं बरोबर बसली. मी सुई आत सारली, टोकापर्यंत गेली, बाहेर काढली. काही चिकटलं नव्हतं.

आता दर शनिवारी मी हेच करतो. आणि रोज पहाटे वंदना झाल्यावर, आग पेटवून, वाफ चढली की दिवा घेऊन उजव्या अंगाला जातो आणि एकेक भोक पाहतो. आजही पाहिली. सगळी कोरडी होती.

तुझा
उकंडाकाका